शांतक्कांचं साकु

शांतक्कांच्या घरी जेवायला बसलेल्या माणसाला पोट भरलं हे सांगायची सोय नव्हती. पाहुणा ताटावर हात आडवा धरायचा, ओणवा व्हायचा, गळ्याची शपथ घालायचा, आणि त्या त्याच्या हाताच्या फटीतून भाकरीचा चतकोर नेमका ताटात सोडायच्या. त्यांचं माहेर मुरगूडचं, आजोळ निपाणीच्या पलीकडचं, त्यामुळं घरात मराठीत कानडी मिसळलेली असायची. त्यांचे यजमान रेवण्णाकाका काकुळतीला येऊन "साकु, साकु" म्हणायचे. साकु म्हणजे कानडीत पुरे. त्यावर शांतक्का आमटीची पळी पुढं करून म्हणायच्या, "साकु म्हणाय काय झालं? अजून भात यायचा हाय." गॅसची टाकी घेऊन आलेला माणूसही त्या घरातून जेवल्याशिवाय सुटलेला मी पाहिला नाही.

आमच्या दोघींच्या घरांत एक भिंत होती आणि ती असून नसल्यासारखी होती, कारण शांतक्का बोलायला लागल्या की मला आमच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. नाव शांता ठेवणाऱ्यानं पाळण्यात नीट बघितलं नसावं. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवायची, म्हणून त्या मला 'बाई' म्हणायच्या, आणि माझ्या बोलण्यातला एखादा शब्द त्यांना फार पुस्तकी वाटला की दिवसभर तो चिडवत फिरायच्या. अंगानं भरदार होत्या. चालण्याचा त्यांना मनापासून कंटाळा. देवळाला जायचं तरी कोपऱ्यावरून रिक्षा. "देवानं रिक्षा कशाला केल्यात मग?" असं त्यांचं म्हणणं.

अशा बाईनं एका पहाटे माझं दार वाजवलं आणि म्हणाल्या, "बाई, चला. मला चालायचंय. एकटीला लाज वाटती."

मला कारण माहीत होतं. त्यांचा धाकटा भाऊ बसवराज याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आई लवकर गेल्यावर शांतक्कांनीच त्याला कडेवर घेऊन वाढवला होता. मुरगुडात त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं आणि थोडं रान. रक्तदाब वाढलाय असं डॉक्टरांनी पूर्वी कधीतरी सांगितलं, तेव्हा गोळी घ्यायची सोडून "मला काय धाड भरल्या?" म्हणत हिंडला. आता त्याला आठवड्यातून दोनदा मशीनवर झोपून रक्त धुऊन घ्यावं लागायचं. त्यासाठी तो कोल्हापूरला अक्कांच्या घरी येऊन राहिला होता. बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून असायचा. चेहरा राखेसारखा झालेला, पाय सुजलेले. पाणीसुद्धा मापून प्यायचं. ज्या घरात कुणाला पुरे म्हणता येत नव्हतं, त्या घरात माणसाला घोटघोट पाणी मोजून द्यायची पाळी शांतक्कांवर आली होती, आणि ते देताना त्या तोंड दुसरीकडं करत.

रक्तगट जुळला तो शांतक्कांचाच. त्या तिथल्या तिथं म्हणाल्या, "काढा आणि घाला त्येला." पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, असं काढता येत नाही. वजन फार आहे, रक्तदाब काठावर आहे. एका मूत्रपिंडावर उरलेलं आयुष्य काढायचं तर अंग त्या लायकीचं हवं. आधी ते करा, मग बघू. उपास करून नाही, कसली पावडर पिऊन नाही. रोज चाला, हळूहळू वाढवा, आणि स्वतःला दुखापत करून घेऊ नका. अंग दुखलं म्हणून दुकानातून गोळी आणून खायची नाही, त्या गोळ्या मूत्रपिंडालाच बाधतात. "तुम्हाला आजारी पाडून मी त्यांना बरं करणार नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हे सगळं मला शांतक्कांनी त्या पहिल्या पहाटे चालताना सांगितलं. म्हणजे कोपऱ्यापर्यंत. तिथं त्यांना धाप लागली आणि त्या विजेच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आज इतकंच करू. त्यांनी माझ्याकडं असं काही बघितलं की मीच पुढं चालायला लागले.

आमच्या गल्लीच्या मागं एक तालीम आहे आणि तिच्यासमोर मोकळं मैदान. सकाळी तिथं आसपासच्या बायका चालायला येतात. बेळगावच्या मुलानं पाठवलेले नवे कोरे बूट शांतक्कांनी इरकली लुगड्याखाली घातले होते. मैदानाच्या कडेला आल्यावर त्यांनी ते काढले, भिंतीशी नीट जोडून ठेवले, वाकून मातीला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी चालायला लागल्या. मला वाटलं बूट चावत असतील. तसं नव्हतं. त्यांचे वडील पैलवान. तालमीच्या मातीत पायताण घालून जायचं नसतं हे त्या लहानपणी वडिलांचा मार खाऊन शिकल्या होत्या. व्यायामाची जागा म्हणजे तालीमच, मग तिथं बूट कसे घालायचे? मी समजावलं, बाकीच्या बायका दाखवल्या. "त्यांचं त्यांच्यापाशी," म्हणाल्या.

खड्यांनी तळपायाला फोड आले. आठवड्यात त्या टाचेवर चालायला लागल्या आणि तरी माघार घेईनात. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि चांगलंच झापलं. शांतक्का बूट मैदानापर्यंत घालून येतात आणि मैदानात काढतात हे त्यांना कळेपर्यंतच बराच वेळ गेला. शेवटी शांतक्का पदर सावरून तालमीच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी आतल्या वस्तादांना हाक मारली. वस्ताद म्हातारे, बाहेर आले. शांतक्कांनी मांडलेली अडचण त्यांनी मुळीच हसण्यावारी नेली नाही. विचार केला आणि म्हणाले, "अक्का, माती आत कुस्तीच्या हौद्यात हाय. ती आमी ताक, तेल, हळद घालून केलेली. हितं भाईर नुसता फुफाटा हाय. ह्येला मान न्हाय. घाला पायताण."

दुसऱ्या दिवसापासून बूट पायात राहिले. पण मातीला हात लावून कपाळाला लावणं काही त्यांनी सोडलं नाही. वस्ताद काही म्हणोत.

डॉक्टरीणबाईंचं एक सांगणं मात्र त्यांना फार आवडलं होतं. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला असं समजायचं. "बोलाय सांगणारा डॉक्टर जल्मात पयल्यांदा भेटला," असं म्हणत त्या फेरीभर बोलायच्या. गल्लीतली लग्नं, मोडलेली लग्नं, दुधात पाणी कोण घालतं, रेवण्णाकाका झोपेत काय बोलतात. मध्येच शब्द अडला की स्वतःच पाय आवरायच्या. मी आणि रझियाभाभी दोन्ही बाजूंना. रझियाभाभी पलीकडच्या गल्लीतल्या, नवऱ्याचं शिलाईचं दुकान, सडपातळ आणि चालायला वाऱ्यासारख्या. त्या शांतक्कांसाठी पाऊल आखडतं घ्यायच्या, आणि शांतक्कांना ते कळायचं.

आता आमच्या कोल्हापुरात एक वाईट खोड आहे. माणूस एकटा असला तर साधा असतो. दुसरा शेजारी आला की ईर्षा सुरू. फुटबॉलची ईर्षा असते तशी तांबड्या रश्श्याची असते, गणपतीची असते. मैदानावर तर दोन गल्ल्यांच्या बायका. नागपंचमीच्या सणाला कुणीतरी म्हणालं, बघू तरी कुठली गल्ली जास्त फेऱ्या मारती. हसत हसत निघालेली गोष्ट. रझियाभाभी त्यांच्या गल्लीकडून पुढं झाल्या, आमच्या गल्लीकडून कुणी टिकेना, आणि बायकांनी कडेनं आरडाओरडा सुरू केला, "अक्का, आता तुमीच. पैलवानाची लेक न्हवं तुमी?"

मी त्यांचा दंड धरला होता. तो त्यांनी सोडवून घेतला. पैलवानाची लेक म्हटल्यावर कोण थांबणार? फेरीमागून फेरी. त्यांचं बोलणं बंद झालं होतं, एवढ्यावरूनच मला समजायला हवं होतं. शेवटी फुगडीचा हट्ट झाला, रझियाभाभींचे हात धरून त्या गरकन फिरल्या आणि गुडघ्यातून काहीतरी वाजलं. रझियाभाभींनी सोडलं नाही म्हणून बरं, नाहीतर डोकं आपटलं असतं. दोघी एकमेकींना धरून खाली बसल्या.

गुडघा भोपळ्यासारखा सुजला. गल्लीतल्या प्रत्येक घरातून गोळी आली. कुणाची कंबरेची, कुणाची दाताची, एकीनं तर दोन प्रकारच्या आणल्या. शांतक्का रात्रंदिवस कण्हत होत्या, पण एकही गोळी त्यांनी जिभेवर ठेवली नाही. डॉक्टरीणबाईंनी जी एक साधी दिली तेवढीच, ती पण विचारून विचारून घेतली. रझियाभाभी रोज घरच्या फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून आणायच्या आणि अपराध्यासारख्या पायाशी बसून गुडघ्यावर धरायच्या. "अक्का, मेरी गलती हाय. मीच थांबायला पायजे होतं."

"तुजी कसली गलती? माझ्या अंगात आलं," शांतक्का म्हणाल्या. आणि मग पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. आवाज न करता रडत होत्या, बाहेरच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून. "बाई, गुडगा माझा गेला, पर दिवस त्येचं गेलं. मशीनवर त्यो किती दिवस काढणार? आणि मी फुगड्या घालतोय."

खोटा धीर द्यायचा मला राग येतो, आणि खरा माझ्याजवळ नव्हता.

सूज उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी परत पहिल्यापासून सुरुवात करायला लावलं. होतं त्याच्या निम्म्यावरून. घरात खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं. भिंतीला तळवे टेकून दाबायचं. आणि एक नवीन अट घातली : दमल्यावर नाही थांबायचं, दमायच्या आधी थांबायचं. अजून थोडं जमेल असं वाटत असतानाच परत फिरायचं, म्हणजे उद्या यावंसं वाटतं.

शांतक्कांना ही अट सगळ्यात जड गेली. वडिलांच्या घरी जोर काढताना अंगाखाली घामाची आकृती उमटेपर्यंत उठू देत नसत, असं त्या सांगायच्या. आहे तेवढा दम काढायचा, हीच तिथली रीत. शिलकीत दम ठेवून घरी जाणं म्हणजे त्यांना ताटात टाकून उठण्यासारखं वाटायचं. पण त्या शिकल्या. मैदानात पावलं चांगली पडत असायची, गप्पा रंगलेल्या असायच्या, बायका म्हणायच्या, आणखी एक फेरी मारूया की अक्का. शांतक्का थांबायच्या, दोन्ही हात आडवे धरायच्या, त्यांच्या पंगतीतले पाहुणे धरायचे तसेच, आणि म्हणायच्या, "साकु."

पहिल्या वेळी मी हसले. पुढं हसू येईनासं झालं. काही दिवशी तो शब्द म्हणून झाल्यावरही त्या मैदानाकडं वळून वळून बघत. जास्त चाललं तर भाऊ लवकर सुटेल असं मन म्हणत असणार, आणि रोज त्याचं न ऐकता त्या परत फिरत होत्या. मी शाळेत जन्मभर मुलांना 'प्रयत्नांची पराकाष्ठा करा' असं फळ्यावर लिहून दिलं. पराकाष्ठा न करण्यात एवढी ताकद लागते हे मला त्या वर्षी दिसलं.

पाऊस आला तर त्या घरातल्या घरात पुढच्या सोप्यातून मागच्या परड्याच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालायच्या. ताप आला तर मुकाट झोपायच्या आणि उठल्यावर पुन्हा थोडक्यापासून धरायच्या. सणावाराला पोळीचा घास हातात घेऊन बघत बसायच्या, अर्धी खायच्या. आणि एक गंमत झाली. पाहुण्यांनी पुरे म्हटलं की आता त्या खरंच थांबायला लागल्या. रेवण्णाकाका दोन दिवस उपाशी राहिले, कारण त्यांना पहिल्या वाढपाला साकु म्हणायची सवय होती आणि आता ते ऐकलं जात होतं.

हळूहळू बांगड्या मनगटावरून सरकायला लागल्या. झंपर सैल झाले, रझियाभाभींनी ते घरी नेऊन आत घेतले. रक्तदाब खाली आला. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एकदा डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाल्या, आता चालेल.

त्या संध्याकाळी शांतक्कांनी मला बोलावलं. घरात शिरा केला होता. बसवराज खाटेवर उठून बसला होता. तो जन्माचा अबोल माणूस. बहीण चालत होती तेवढे दिवस त्यानं या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. डॉक्टर नापास करतील, नाहीतर ही कंटाळून सोडून देईल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. रिक्षाशिवाय देवळाला न जाणारी बहीण, तिच्याबद्दल दुसरं काय वाटणार?

"मी घेणार न्हाय," तो म्हणाला.

रेवण्णाकाकांच्या हातातला चमचा थांबला.

"आपल्या घरात लेकीबाळींचं घेत न्हाईत, अक्का. त्यास्नी द्यायचं असतंय. आप्पा तुज्या घरचं पाणी बी पीत न्हवतं. मी तुजं अंग कापून घिऊ? लोक तोंडात शेण घालतील."

मला वाटलं आता भिंती हादरणार. पण शांतक्का इतक्या हळू बोलल्या की मी पुढं झुकले.

"आप्पा गेल्यावर रानाच्या हक्कसोडीवर माझी सही घेतलास. आठवतंय? तवा मी कोण हुतो? लेकबाळ न्हवतो?"

बसवराजनं मान खाली घातली.

"मी काय बोललो व्हय तवा? हसत सही केली. वकिलाला च्या बी मीच करून दिला. माझा भाऊ कसून खाईल म्हणून दिलं. तवा तुला लेकीबाळीचं चाललं. रान चालतंय आणि ह्ये चालत न्हाय? ह्ये कुठलं शास्तर?"

इतक्या वर्षांत तो विषय त्या घरात कधी निघालेला मी ऐकला नव्हता, आणि त्यांच्या आवाजात आत्ताही तक्रार नव्हती. हिशेब सांगावा तसंही नव्हतं. एकदा ओलांडलेली वेस दुसऱ्यांदा ओलांडायला काय हरकत आहे, एवढंच त्या विचारत होत्या.

बसवराज म्हणाला, "तसं न्हाय अक्का. तुला काय झालं म्हंजे? मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" आणि मग तो मोठा बाप्या लहान पोरासारखा रडायला लागला. शेण घालणारे लोक वगैरे सगळं निमित्त होतं. खरी भीती ही होती.

शांतक्का उठल्या. हाताचा आधार न घेता उठल्या, हे माझ्या लक्षात आलं. त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "मला काय हुऊ ने म्हणूनच वरीसभर चाललोय की येड्या. भावासाठी जीव देतो म्हणणाऱ्या लई असत्यात. मी जीव राखून देणार हाय. शिरा खा. थोडाच खा."

ऑपरेशनआधी दवाखान्यातल्या समितीनं त्यांना एकटीला आत बसवून विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना? बाहेर आल्यावर मी विचारलं, काय सांगितलं? म्हणाल्या, "सांगितलं, दबाव चालून चालून कमी झालाय." त्यांना खरंच रक्तदाबाबद्दल विचारलंय असं वाटलं होतं. समितीनं परत विचारलं असणार, कारण मंजुरी मिळाली.

ऑपरेशन झालं त्याच आठवड्याच्या शेवटी मला लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला जावं लागलं. मी परतेपर्यंत शांतक्का विश्रांतीसाठी मुलाकडं बेळगावला गेल्या होत्या, आणि मुलानं त्यांना तिथंच ठेवून घेतलं. रेवण्णाकाकाही तिकडंच राहायला गेले. शेजारचं घर आता दुसऱ्यांचं आहे, शांत माणसं आहेत. अक्कांचा फोन येतो, तो कानापासून लांब धरूनच ऐकावा लागतो. पण डोळ्यांनी त्यांना शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात.

ऑपरेशनचा दुसरा दिवस होता. बसवराजला काचेच्या खोलीत वेगळं ठेवलेलं, आत कुणाला सोडत नव्हते. नवीन मूत्रपिंड चालू लागलं की नाही हे कळायला एकच खूण असते, असं नर्सनं आम्हाला सांगितलं होतं, आणि ती खूण सांगताना ती जरा लाजली होती. रेवण्णाकाका बाकावर जपमाळेशिवाय जप करत बसले होते. इतर रोग्यांची माणसंही तिथंच बसलेली, प्रत्येक जण आपापल्या काचेकडं बघत.

शांतक्कांना त्या दिवशी थोडं उठवून उभं करायचं होतं. नर्सनं खाटेपाशी दोन पावलं चालवलं आणि म्हणाली, बास. शांतक्का म्हणाल्या, "दोन पावलात माझा भाऊ दिसत न्हाय." शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारून नर्सनं त्यांना बाहेर आणलं. एका हातानं पोटाचे टाके धरलेले, दुसरा हात भिंतीला. दवाखान्याचा निळा झगा, कपाळाला विभूतीचं बोट. मी त्यांना लुगड्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. फार लहान दिसत होत्या. थांबत थांबत त्या काचेपर्यंत आल्या आणि कपाळ काचेला टेकून उभ्या राहिल्या.

बसवराज जागा होता. बहिणीला बघून त्याला हात जोडायचे होते, पण हाताला नळ्या होत्या. आतली नर्स वाकली आणि त्याच्या खाटेखाली लटकवलेली पिशवी तिनं वर उचलून आम्हाला दाखवली. लघवीची पिशवी. निम्म्याहून जास्त भरलेली, पिवळीधमक. गेले कितीतरी दिवस त्या माणसाला धड लघवी झाली नव्हती.

शांतक्का बघत राहिल्या. खालचा ओठ दातांत धरला होता. मग इतक्या दिवसांचा आवरलेला आवाज एकदम सुटला, आणि तो सगळ्या मजल्यावर ऐकू गेला.

"मुतला गं बाई. माझा भाऊ मुतला."

नर्स हळू बोला म्हणाली, पण तिच्याच डोळ्यांत पाणी होतं. बाकावरची एक अनोळखी म्हातारी, जिचं स्वतःचं माणूस अजून आतच होतं, उठली आणि तिनं शांतक्कांच्या पाठीवरून हात फिरवला. शांतक्का हसायला लागल्या, टाके ताणले, तशा कळवळून पोट धरून थांबल्या. दम परत आल्यावर त्यांनी पदर नाही हे विसरून खांद्यावर हात नेला, तो तसाच डोळ्यांवरून फिरवला, आणि वळून, भिंत धरून, पाऊल बघून टाकत आपल्या खोलीकडं चालायला लागल्या.